हद्दीपलीकडचे लग्न : प्रस्तावना

आपल्याकडे लग्न लागते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की लागले. ते नाशिकला लागले म्हणून नागपुरात सुटत नाही. बदलीच्या नोकरीतले जोडपे सोलापूरहून बिऱ्हाड हलवून विजापूरला निघाले, तर हद्दीवर फार तर गाडीचे कागद पाहतील, लग्नाचे कोणी पाहणार नाही. घर मागे राहते, रेशनकार्ड बदलावे लागते, मुलांची शाळा नव्याने शोधावी लागते. लग्न मात्र बरोबर येते, आणि ते आणले आहे याची आठवणही कोणाला नसते.

म्हणून या पुस्तकाचा विषय सांगितला की ऐकणारा आधी बुचकळ्यात पडतो. देश एक, राज्यघटना एक, आणि तरीही दोन माणसे एका राज्यात विवाहित अन् शेजारच्या राज्यात अविवाहित, हे कसे? अमेरिकेत २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षे हे घडत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७ मे २००४ पासून दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष रीतसर लग्न करू शकत. त्याच जोडप्याने नोकरीसाठी ओहायोत किंवा टेक्सासमध्ये घर केले, की तिथल्या सरकारी कागदावर ती एका पत्त्यावर राहणारी दोन परकी माणसे ठरत. हे पुस्तक त्या अकरा वर्षांचे आहे. त्यांच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांची जी कायद्याची परंपरा उभी आहे, तिचेही आहे. त्या परंपरेची ओळख आधी करून घेतली नाही, तर सारा वाद नुसता संस्कृतीचा आणि मतांचा वाटतो. तो तेवढाच नव्हता.

आपणही हा प्रश्न कधी विचारला नाही, असे समजू नये. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. ‘नरसू अप्पा माळी’ खटल्यात छगला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी १९५१ साली तो उचलून धरला, आणि व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लागतात की नाही या चर्चेसाठी विद्यार्थी आजही तो निकाल पाठ करतात. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाकडे मात्र कोणी पाहत नाही. तिथे दोन पोटकलमे आहेत. प्रांतात केलेले दुसरे लग्न रद्दबातल, हे पहिले. प्रांताच्या हद्दीबाहेर केलेले असले तरी, दोघांपैकी एकाचाही अधिवास मुंबई प्रांतात असेल तर तेही रद्दबातल, हे दुसरे. हे दुसरे पोटकलम का लागले असेल, ते नकाशा पाहिला की कळते. प्रांताच्या अंगाला अंग लावून संस्थाने होती, दुसरे प्रांत होते. गाडीत बसून जावे, बोहल्यावर उभे राहावे आणि परत यावे, एवढेच काम. कायदा करणाऱ्याला हे ठाऊक होते. हद्द आखली की ती ओलांडणारेही असणारच.

हद्दीपलीकडच्या अशा प्रश्नांच्या शास्त्राला इंग्रजी परंपरेत ‘कायद्यांचा संघर्ष’ म्हणतात. आपल्या विद्यापीठांत ते ‘खासगी आंतरराष्ट्रीय कायदा’ या काहीशा भारदस्त नावाने शिकवले जाते, आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाला ऐच्छिक म्हणून मागे टाकले जाते. त्याचा अमेरिकी पाया जोसेफ स्टोरी यांनी १८३४ साली आपल्या भाष्यग्रंथात घातला. स्टोरी एकाच वेळी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि हार्वर्डला प्राध्यापक. लग्नाबद्दलचा त्यांचा नियम साधा आहे : जिथे लागले तिथे वैध असेल, तर ते सगळीकडे वैध. कारण त्याहून साधे आहे. तसे नसेल तर प्रवासाला निघालेल्या प्रत्येक माणसाची मुले वाटेत अनौरस होतील आणि प्रत्येक वारसाहक्क टांगणीला लागेल.

नियमाला अपवाद अर्थातच होते. बहुपत्नीत्व आणि रक्ताच्या जवळच्या नात्यातले लग्न हे ठरलेले दोन. त्यांच्यावर एक सैलसर तिसरा : त्या राज्याच्या पक्क्या लोकनीतीला जे अगदीच असह्य असेल ते. या तिसऱ्या अपवादाने पुढे बराच धुमाकूळ घातला. पण जुनी न्यायालये हे अपवाद कसे वापरत, ते वाचण्यासारखे आहे. मला तरी या क्षेत्राची गोडी तिथे लागली.

न्यूयॉर्कमधले मे दांपत्य घ्या. नवरा बायकोचा सावत्र नात्याने मामा-काका लागे. न्यूयॉर्कच्या कायद्यात असे लग्न निषिद्ध. यहुदी धर्मशास्त्रात चालणारे. ऱ्होड आयलंड राज्याने यहुद्यांना या बाबतीत मुभा दिलेली होती. १९१३ साली दोघे तिकडे गेले, लग्न करून थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कला परतले, बत्तीस वर्षे संसार केला, सहा मुले झाली. १९४५ साली बाई वारल्या. इस्टेटीची व्यवस्था कोणी पाहायची, असा प्रश्न निघाला तेव्हा मुलीनेच हरकत घेतली की हे लग्न मुळात लग्नच नव्हे. १९५३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणजे जे लग्न न्यूयॉर्कने स्वतः कधीही लावून दिले नसते, ते न्यूयॉर्कने मान्य केले. लावून देणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकाने इथेच गाठीला बांधून ठेवावे.

दुसरा निकाल आपल्या अधिक जवळचा. दलीप सिंग बीर हे पंजाबातून कॅलिफोर्नियात गेलेले गृहस्थ. मृत्युपत्र न करता वारले. पंजाबात त्यांच्या दोन बायका होत्या, दोन्ही लग्ने जाट समाजाच्या रीतीप्रमाणे पन्नासेक वर्षांपूर्वी झालेली. दोघींनी मिळून कॅलिफोर्नियात अर्ज केला : आम्हाला निम्मे-निम्मे द्या. खालच्या न्यायालयाने फक्त पहिलीला बायको मानले. १९४८ साली वरच्या न्यायालयाने ते फिरवले. त्याचा तर्क असा, की हा माणूस दोन बायका घेऊन कॅलिफोर्नियात नांदू लागला असता तर लोकनीतीचा प्रश्न आला असता. इथे तो मेलेला आहे, बायका पंजाबात आहेत, दोघींचे भांडण नाही, तिसरा कोणी हक्क सांगत नाही. मग नुसत्या वाटणीने कॅलिफोर्नियाचे काय बिघडते?

सगळ्या अमेरिकेला बहुपत्नीत्वाचा तिटकारा असताना हा निकाल दिला गेला. त्यातली शहाणीव अशी, की ‘हे लग्न आहे की नाही’ असा घाऊक प्रश्न न्यायालयाने घेतलाच नाही. ‘कशासाठी विचारता?’ एवढेच विचारले. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते हेच आहे. हद्द ओलांडून आलेले लग्न कोणी देव्हाऱ्यात ठेवून तपासत नाही; ते कुठल्या तरी अर्जाच्या रकान्यात येते, वारसाच्या, करमाफीच्या, पोटगीच्या, पेन्शनच्या. जुन्या न्यायाधीशांना हे उमगले होते. समलिंगी विवाहाच्या वादात दोन्ही बाजू ते विसरल्या, असे मला वाटते. एकीला सरसकट मान्यता हवी होती आणि दुसरीला सरसकट नकार.

जुन्या परंपरेचे फार गोडवे गावेत असेही नाही. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग १९५८ च्या जूनमध्ये व्हर्जिनियातून वॉशिंग्टनला गेले आणि लग्न करून घरी आले. तो गोरा, ती काळी. लग्नाचा दाखला त्यांनी झोपण्याच्या खोलीत भिंतीवर लावला होता. काही आठवड्यांनी शेरीफ मध्यरात्री त्या खोलीत शिरला. दाखला दाखवल्यावर त्याने सांगितले की तो इथे चालत नाही. वर्षाची कैद झाली आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचे नाही या अटीवर तहकूब झाली. लोकनीतीचा अपवाद व्यवहारात कसा दिसतो, तो असा. त्यांना न्याय १९६७ साली मिळाला. मॅसॅच्युसेट्सने १९१३ मध्ये असाच एक कायदा केला होता : परराज्यातल्या जोडप्याचे लग्न त्यांच्या घरच्या राज्यात रद्दबातल ठरत असेल, तर आम्हीही ते लावणार नाही. काळा-गोरा विवाहांविरुद्ध देशभर उठलेल्या गिल्ल्याचे ते दिवस. पुढे तो कायदा धूळ खात पडला. २००४ साली गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी तो झटकून बाहेर काढला, बाहेरून येणाऱ्या समलिंगी जोडप्यांना थोपवण्यासाठी. २००८ साली तो रद्द झाला.

इथे वाचक विचारील, आणि वर्गात हा प्रश्न हमखास येतो, की अमेरिकेच्या घटनेतच याचे उत्तर नाही का? चौथ्या अनुच्छेदात म्हटले आहे की प्रत्येक राज्याने दुसऱ्या राज्याच्या सार्वजनिक कृती, नोंदी आणि न्यायालयीन कामकाज यांना पूर्ण विश्वास आणि मान्यता द्यावी. आपल्या घटनेचे २६१ वे कलम त्याच वळणाचे आहे. मग झाले की!

झाले नाही, आणि का झाले नाही हे समजणे म्हणजे निम्मे शास्त्र समजणे. त्या अनुच्छेदाची धार न्यायालयाच्या हुकूमनाम्याला आहे. १९०८ चा एक निकाल आहे : मिसिसिपीत बेकायदा असलेला, मिसिसिपीतच झालेला सट्ट्याचा करार, त्यावर मिझुरीच्या न्यायालयाने हुकूमनामा दिला, तो मिसिसिपीला निमूट बजावावा लागला. हुकूमनाम्यापुढे लोकनीतीची सबब चालत नाही. लग्न हा हुकूमनामा नव्हे. लग्नाचा परवाना कारकून देतो, त्यात वादी-प्रतिवादी नसतात, न्यायाधीशाने काही ठरवलेले नसते. त्यामुळे लग्नाची मान्यता राज्यांच्या परस्पर सौजन्यावर राहिली.

घटस्फोट मात्र हुकूमनामा आहे, आणि त्यामुळे मौजेचे प्रसंग उद्भवले. नॉर्थ कॅरोलिनातला विल्यम्स आणि त्याची मैत्रीण, दोघेही आपापल्या जागी विवाहित, नेवाडात सहा आठवडे मुक्काम करून आपापले घटस्फोट घेऊन, तिथेच एकमेकांशी लग्न लावून घरी परतले. घरी त्यांच्यावर खटला. १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडवले, कारण नेवाडाचा घटस्फोट मानलाच पाहिजे. राज्याने पुन्हा खटला भरला. या वेळी म्हणणे असे, की यांचा नेवाडात खरा अधिवास नव्हताच. १९४५ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. तीच माणसे, तेच लग्न.

या पार्श्वभूमीवर १९९३ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहबंदी घटनेशी विसंगत असू शकते असे सुचवले आणि बाकीच्या राज्यांचे धाबे दणाणले. उद्या सगळे हवाईला जाऊन लग्न करून आले तर? १९९६ साली काँग्रेसने विवाहसंरक्षण कायदा केला, क्लिंटन यांनी सही केली. त्याच्या दुसऱ्या कलमाने राज्यांना अशी लग्ने न मानण्याची मुभा दिली. तिसऱ्याने केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असे ठरवले. दुसऱ्या कलमावर गदारोळ झाला, पण ती मुभा लोकनीतीच्या अपवादाने राज्यांना आधीच होती. खरा घाव तिसऱ्याचा, कारण कर, पेन्शन, व्हिसा हे सगळे केंद्राकडे. ते कलम २०१३ साली ‘विंडसर’ निकालात पडले. ईडिथ विंडसर यांचे लग्न २००७ साली टोरांटोत झालेले. जोडीदारीण २००९ मध्ये वारली आणि केंद्राने ३,६३,०५३ डॉलर वारसाकर मागितला. स्वतः न्यूयॉर्क तेव्हा अशी लग्ने लावत नव्हते, परदेशात झालेली मात्र मानत होते. मे दांपत्य इथे पुन्हा आठवावे.

मान्यतेचा वाद लग्नाच्या आनंदापेक्षा मोडण्याच्या दुःखात अधिक उघडा पडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न केलेल्या, ऱ्होड आयलंडला राहणाऱ्या दोन स्त्रियांनी घटस्फोट मागितला, तेव्हा २००७ साली ऱ्होड आयलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आमच्या कुटुंब न्यायालयाला हा अधिकारच नाही. मॅसॅच्युसेट्सला परत जावे, तर तिथे साधारणपणे वर्षभराच्या रहिवासाची अट. लग्नासाठी एक दिवस पुरला होता. उलट, समलिंगी विवाह न लावणाऱ्या वायोमिंगच्या न्यायालयाने २०११ साली कॅनडात झालेले असे लग्न घटस्फोटापुरते मान्य केले. त्या निकालात मला दलीप सिंगांच्या न्यायाधीशांचा आवाज ऐकू येतो.

आणि मग ओहायोचा तो कोरा दाखला. सिनसिनाटीचे जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर वीस वर्षे एकत्र राहत होते. आर्थर यांना स्नायू निकामी करत जाणारा असाध्य आजार झाला होता; ते अंथरुणाला खिळलेले. ‘विंडसर’ निकालानंतर पंधरा दिवसांनी, ११ जुलै २०१३ रोजी, नातेवाइकांनी आणि मित्रांनी जमवलेल्या पैशांतून वैद्यकीय विमान ठरवून दोघे मेरीलँडला गेले. बाल्टिमोरच्या विमानतळावर विमान उभे राहिले, आतच आर्थर यांच्या नात्यातल्या एका बाईंनी लग्न लावले, विमान परत फिरले. काही दिवसांनी अल गेरहार्डस्टीन नावाचे वकील मृत्यूच्या दाखल्याचा कोरा नमुना घेऊन त्यांच्याकडे आले आणि त्यांनी एक रकाना दाखवला. जॉन वारल्यावर ओहायो इथे ‘अविवाहित’ लिहील आणि हयात जोडीदाराची जागा रिकामी ठेवील.

खटला एवढ्याच रकान्यासाठी उभा राहिला. जिल्हा न्यायाधीश टिमथी ब्लॅक यांनी तातडीने दिलेल्या आदेशात जे दाखवून दिले, त्यावर मी वर्गात एक तास घालवतो : सख्ख्या चुलत-मामे भावंडांची लग्ने ओहायो स्वतः लावत नाही, पण बाहेर झालेली असली तर मानते, अल्पवयीनांचेही तसेच. म्हणजे जुना नियम ओहायोत शाबूत होता. एकाच प्रकारच्या लग्नाला तो नाकारला जात होता. आर्थर २२ ऑक्टोबर २०१३ रोजी वारले.

२६ जून २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रश्न होते : राज्याने असे लग्न लावलेच पाहिजे का, आणि बाहेर लागलेले मानलेच पाहिजे का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले, त्यामुळे दुसरे काही परिच्छेदांत आटोपले. जे लावावेच लागते ते मानायचे की नाही हा वाद उरतो कुठे? निकाल योग्य होता असे मी मानतो. पण ज्या प्रश्नातून ओबर्गफेल यांचा खटला जन्मला, तो स्वतंत्रपणे तपासलाच गेला नाही, ही रुखरुखही खरी.

क्षेत्र बंद पडले, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढच्याच मार्चमध्ये अलाबामाचे प्रकरण आले. जॉर्जियाच्या न्यायालयाने एका स्त्रीला जोडीदारणीच्या मुलांची दत्तक आई ठरवले होते. अलाबामा ते मानीना. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता अलाबामाचा निकाल एकमताने फिरवला, कारण दत्तकविधान हा हुकूमनामा. विवाहित समलिंगी जोडप्यांनाही तिकडचे वकील आजवर दत्तकाचा हुकूमनामा घेऊन ठेवायला सांगतात, ते यामुळे. २०२२ साली गर्भपाताच्या निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी २०१५ चा निर्णयही पुन्हा तपासावा असे लिहिले, आणि त्या डिसेंबरात काँग्रेसने विवाहसन्मान कायदा केला. १९९६ चा कायदा त्याने पुसला. नवा कायदा नीट वाचावा. एका राज्यात वैधपणे झालेले लग्न दुसऱ्याने मानलेच पाहिजे, असे तो म्हणतो. प्रत्येक राज्याने ते लावलेच पाहिजे, असे म्हणत नाही. उद्या २०१५ चा निकाल गेला तर जे उरेल, ते जवळजवळ स्टोरींचे १८३४ असेल.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. ‘विंडसर’नंतर अमेरिकेचा व्हिसा विभाग लग्न जिथे लागले तिथला कायदा पाहतो, त्यामुळे पुण्याहून गेलेल्या अभियंत्याच्या समलिंगी जोडीदारालाही जोडीदाराचा व्हिसा मिळू शकतो. न्यू जर्सीत लग्न केलेले असे मराठी जोडपे टेक्सासला जाईल तेव्हा विवाहितच असेल. मुंबईला उतरेल तेव्हा नसेल. परदेशातल्या लग्नांसाठी आपला १९६९ चा कायदा आहे. वॉशिंग्टनमध्ये लग्न केलेल्या एका भारतीय जोडप्याला त्याखाली वकिलातीत नोंदणी नाकारली गेली. ‘सुप्रियो’ खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क नाही असे एकमताने सांगितले. नागरी सहजीवनाच्या हक्कावर मतभेद झाला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले. त्यांच्या वडिलांनी, पुण्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी, १९७४ साली ‘सत्या’ खटल्यात एका भारतीयाने मिळवलेला नेवाडाचा घटस्फोट नाकारला होता. तो निकाल अमेरिकी खटल्यांच्या चर्चेने भरलेला आहे. तो त्या बायकोच्या पोटगीसाठी दिलेला होता, हे विसरू नये.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्याने घटस्फोटाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. फक्त त्याआधी दलीप सिंग बीर यांच्या इस्टेटीचा १९४८ चा निकाल मुळातून वाचावा. तो थोडक्या पानांत संपतो, आणि त्यात समलिंगी विवाहाचा उल्लेखही नाही.